भारत विरुद्ध भारत, नव्वद मिनिटे

२०१० च्या जुलै महिन्यात हिरडीटोला ग्रामपंचायतीने गावातील परदेशी हस्तक्षेपाची गंभीर दखल घेतली. विश्वचषकात शुक्रवारी ब्राझील हरले तेव्हा अर्जेंटिनावाल्यांनी फटाके फोडले होते. शनिवारी अर्जेंटिना हरले तेव्हा ब्राझीलवाल्यांनी तालुक्याच्या गोरेगावहून बँड मागवला. दोन्ही पक्षांतला एकही इसम रायपूरच्या पलीकडे गेलेला नव्हता. तरी चौदा खुर्च्या मोडल्या आणि ऐन धानाच्या रोवणीत लोक एकमेकांच्या शेतात, बांधीत पाय ठेवीनात.

सभेत ठराव झाला : यापुढे अभिमान फक्त स्वदेशी. भारत विश्वचषकात नाही, ही अडचण तांत्रिक मानून शाळेच्या पटांगणावर भारताचा सामना ठरला. पंच म्हणून निवृत्त क्रीडाशिक्षक यादोराव मास्तर नेमले गेले. मास्तर हरखले. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना एकही सामना नव्वद मिनिटं पुरा करता आला नव्हता. कधी म्हशी मैदानात, कधी वरात, कधी चेंडू विहिरीत. एकदा तरी शेवटची शिट्टी वाजवायची, एवढीच इच्छा उरली होती.

"भारतासमोर कोण?" मास्तरांनी विचारलं.

"आम्ही काऊन विदेशी बनू गा?" गावच्या दोन टोल्यांपैकी, म्हणजे वस्त्यांपैकी, मोठ्या टोल्याचा कप्तान अतुल उसळला. "या लहान टोल्यावाल्यायले बनवा."

"तुह्या घरची टीव्ही चायनाची हाय बे. तूच बन!" लहान टोल्याचा कप्तान टिंकू म्हणाला.

सरपंच दुलीचंदांनी तोडगा काढला : दोन्ही संघ भारत.

सातव्या मिनिटाला अतुलने गोल मारला. टिंकूने हरकत घेतली, की हा गोल भारतावर झाला आहे. सरपंचांनी लाउडस्पीकरवरून जाहीर केलं, गोल दोन्ही भारतांचा धरण्यात येत आहे. फळ्यावर १-१ लागलं. मग गोलरक्षकांची पंचाईत झाली. चेंडू अडवावा तर भारताचा गोल अडवला, सोडावा तर भारतावर गोल होऊ दिला. दोघेही पोट दुखतं म्हणून घरी गेले.

गोल दोघांचा असला, तरी मारला कोणत्या टोल्याने हे गावाला दिसत होतंच. तेविसाव्या मिनिटाला टिंकू मोकळ्या गोलकडे सुटला, तशा मोठ्या टोल्याच्या सुशीलाबाई पदर खोचून उठल्या आणि त्यांनी खणखणीत आवाजात राष्ट्रगीत सुरू केलं. टिंकू जागीच ताठ. सगळं मैदान ताठ. चेंडू तेवढा उतारावरून घरंगळत बाहेर गेला.

"ही चीटिंग हाय, काकी!" गीत संपताच टिंकू ओरडला.

"राष्ट्रगीताले चीटिंग म्हणतेस का रे? सरपंच, याचं नाव लिहून ठेवा जी!"

उपाय दोन्ही टोल्यांना पटला. दोघांनी सुरेल माणसं शोधून गोलमागे बसवली. मास्तर प्रत्येक वेळी घड्याळ थांबवत, बावन्न सेकंद सावधान उभे राहत, पुन्हा घड्याळ सुरू करत. नियम म्हणजे नियम.

एकोणनव्वद मिनिटं आणि अठ्ठावन्न सेकंदांवर सामना अडकला. अतुल निघाला की लहान टोला गाई, टिंकू निघाला की मोठा टोला. उरलेले दोन सेकंद काही केल्या सरेनात. एकेचाळिसाव्यांदा राष्ट्रगीत सुरू झालं, तेव्हा चरून परतणाऱ्या म्हशी पटांगणाच्या फाटकाशी आल्या होत्या. मास्तरांनी त्या पाहिल्या. आयुष्यात प्रथमच त्यांनी घड्याळ थांबवलं नाही. हात बाजूला, टाचा जुळलेल्या, नजर समोर. आणि तोंडातली शिट्टी लांब, पूर्ण, सुरेख वाजली.

सामना पुरा झाला. मास्तरांचे डोळे भरून आले.

"राष्ट्रगीतात शिट्टी! पकडा मास्तरले!" अतुल आणि टिंकू एका आवाजात ओरडले. दोन्ही टोले खांद्याला खांदा लावून धावले. गावात एकोपा झाल्याबद्दल ग्रामपंचायतीने त्याच संध्याकाळी अभिनंदनाचा ठराव घेतला आणि मास्तरांना नोटीस दिली. 'माझे शरीर सावधान होते, फक्त श्वास चालू होता,' असा मास्तरांचा खुलासा असमाधानकारक ठरला.

चौकशी चालू आहे. अहवालात राष्ट्रगीताचा उल्लेख वारंवार येत असल्याने तो उभ्यानेच वाचावा, अशी वर टीप आहे. हा मजकूरही त्याच अहवालावरून घेतला आहे. आपण तो बसून वाचलात, हे शेजाऱ्यांनी कळवलं आहे.