साहेबांच्या वडिलांची वाइन

बाटली उघडून चार तास तरी हवेवर ठेवायची, असं ऑफिसच्या जोर्दीसाहेबांनी ती देताना बजावलं होतं. म्हणून निशिकांतने शनिवारी दुपारी तीनलाच ती उघडली, काचेच्या जगमध्ये ओतून ओट्यावर ठेवली आणि बायकोला, अश्लेषाला घेऊन लिटिल इंडियातल्या देशी बाजारात भाजी आणायला गेला.

वाइन साधीसुधी नव्हती. स्पेनमध्ये प्रिओरात म्हणून डोंगराळ मुलूख आहे, तिथे साहेबांच्या वडिलांचा मळा. काळ्या पाटीच्या दगडाची जमीन, उभा चढ, आणि म्हाताऱ्या वेलींना जेमतेम किलोभर द्राक्षं. त्यामुळे वाइन काळीभोर आणि चांगलीच जहाल. गेल्या वर्षी ऑफिसच्या पार्टीत ती चाखून निशिकांतने ‘काय बॉडी आहे’ असं कुठेतरी वाचलेलं ठोकून दिलं, तेव्हापासून हार्बरफ्रंटच्या त्यांच्या शिपिंग कंपनीत तो जाणकार ठरला होता. खरं म्हणजे त्याला ती कडूजहर लागायची. पण तार्रागोना बंदरात सहा महिने कुणाला पाठवायचं हे साहेब ठरवणार होते, आणि निशिकांतचा जीव त्या स्पेनमध्ये अडकला होता. म्हणून तर आज साहेबांना जेवायला बोलावलं होतं.

अडचण एकच. तासगावहून आई आली होती आणि तिला घरात दारूचं नावही चालत नसे. निशिकांतने बिनदिक्कत सांगून टाकलं, की हा द्राक्षाचा रस आहे, साहेबांच्या मळ्यातला. वेलीला किलोभरच द्राक्षं येत असतील तर ती वेल ठेवतात कशाला, एवढंच आईने विचारलं.

दोघं परतली तेव्हा लिफ्टपासूनच लवंग-दालचिनीचा वास येत होता. गॅसवर पातेलं रटरटत होतं.

‘‘रस आंबला होता रे,’’ आई म्हणाली. ‘‘या उकाड्यात उघडा टाकून गेलास. वास आला तसा लगेच उकळायला ठेवला. गूळ न् सुंठ घातलीय. वाचला बघ.’’

निशिकांतने पातेल्यात डोकावून पाहिलं. ओरडणार तरी कुणावर? थाप त्याचीच होती. त्याने दोन दुकानांत फोन केले, पण ती वाइन कुठेच मिळेना. खरं काय ते सांगून मोकळा हो, असं अश्लेषा हसू दाबत म्हणाली, तेवढ्यात बेल वाजली.

आल्यागेल्याच्या हातात आधी काहीतरी द्यायचं, ही आईची शिस्त. साहेब बसतात न बसतात तोच त्यांच्या हातात वाफाळता स्टीलचा पेला आला. त्यांनी एक घोट घेतला आणि ते पेल्यात बघतच राहिले. निशिकांतने इंग्रजीत एका दमात सगळं कबूल केलं. आईला मारलेली थाप सांगितली, पातेल्याचं सांगितलं आणि ‘बॉडी’ म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक नाही, हेही सांगून टाकलं.

साहेबांनी पेला रिकामा करून पुन्हा पुढे केला. ‘‘मलाही ती कधीच आवडली नाही,’’ ते हळूच म्हणाले. ‘‘वीस वर्षं वडिलांसमोर मान डोलावतोय. तार्रागोनाला तू जा.’’

निशिकांतचा कानांवर विश्वास बसेना. ‘‘एवढं खोटं बोलूनसुद्धा?’’ त्याने विचारलं.

‘‘म्हणूनच. तिथून वडिलांचं घर जवळ आहे. दर रविवारी माझ्याऐवजी तू जेवायला जायचंस. ते वाइन ओततील, तू दोन ग्लास प्यायचेस आणि तारीफ करायचीस. वर्षभर मला फसवलंस, त्यांनाही फसवशील.’’