तुळसाबाईंना दिलेलं शून्य

तुळसाबाईंना ‘समुपदेशन’ या रकान्यात मी दहापैकी शून्य गुण दिले. सही माझी आणि खालचा शेराही माझाच : ‘मातेशी एक शब्दही बोलल्या नाहीत.’

त्यांना ओळखणारा कुणीही हा शेरा वाचून आधी हसेल. तुळसाबाई गप्प आहेत असं कळलं, तर त्यांच्या पाड्यावरचे लोक ताप किती आहे ते विचारतील.

मी नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका संस्थेत काम करतो. पेठकडच्या आदिवासी पाड्यांवरच्या आशाताईंना, बाळंतिणीला बाळ पाजायला मदत कशी करायची, हे आम्ही शिकवतो. माझी स्वतःची दोन्ही मुलं बायकोच्या माहेरी, धुळ्याला, झाली आणि चांगली बाळसं धरूनच माझ्या घरी आली. त्यामुळे या विषयातलं माझं सगळं ज्ञान छापील आहे.

पहिल्याच दिवशी मी पडद्यासमोर उभा राहून ‘स्तनपानाचे महत्त्व’ सांगत होतो. मागच्या रांगेत पन्नाशीच्या एक बाई खुर्चीवर मांडी घालून बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, “सर, अंगावर पाजणं म्हण ना. एवढा लाजतोस कशाला?”

चाळीस बायका हसल्या. तुळसाबाईंच्या बोलीत सगळ्यांनाच ‘तू’. सरपंचाला तू, कलेक्टरला तू, बैलाला तू. मला निदान ‘सर’ म्हणत, एवढाच काय तो मान.

मग मी कापडी बाहुली घेऊन बाळ कसं धरायचं ते दाखवायला लागलो.

“अरे अरे! मान सोडली त्याची! दुधी भोपळा हाय का तो?”

तरातरा पुढे येऊन त्यांनी बाहुली माझ्याकडून काढून घेतली, ती तीन दिवस परत दिली नाही. चहाच्या सुट्टीत बाहुली खांद्यावर, जेवताना मांडीवर. माझ्या सहकारी वैशालीताईंनी सरावासाठी ती मागितली, तर म्हणाल्या, “थांब जरा, आत्ताच झोपलंय.” आणि पदव्युत्तर शिकलेल्या वैशालीताई खरोखरच पाच मिनिटं थांबल्या. वर आवाज हळू करून बोलल्या.

“लिहून घे” हे तुळसाबाईंचं पालुपद. “चहात पाणी लय हाय, लिहून घे.” “बाळाचं नाक नाय दाबायचं, हनुवटी टेकली पायजे, लिहून घे.” “पोट सुटलंय तुझं. बाळंतीण तू का ती? लिहून घे.” मी लिहून घेत असे. ती वही अजून माझ्याकडे आहे आणि तिच्यात उपयोगाचं जे काही आहे ते त्यांचंच आहे.

या तुकडीतून एकीला बाकीच्या पाड्यांवर शिकवायला नेमायचं होतं. तुळसाबाईंना ते काम फार हवं होतं. शेवटच्या परीक्षेसाठी आम्ही जीपनं एका पाड्यावर निघालो, तेव्हा वाटेत त्यांनी मला तीनदा विचारलं, “व्हईन ना रे मी पास? भावजयला सांगून बसले मी.”

ज्या घरी गेलो तिथे संगीता नावाची विशीतली बाळंतीण होती आणि नऊ दिवसांचं बाळ. बाळ छातीला लागत नव्हतं. ते रडत होतं, ती रडत होती. सासू, आत्या आणि दोन शेजारणी एकाच वेळी सल्ले देत होत्या. फळीवर नवीकोरी दुधाची बाटली येऊन बसली होती. मी पुरुष, म्हणून बाहेर ओट्यावर, दाराकडे पाठ करून, गुण द्यायचा तक्ता मांडीवर घेऊन बसलो.

तुळसाबाई आत गेल्या आणि गप्प झाल्या. आधी भांडी घासल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं सासू हंडा घेऊन कुरकुरत माझ्यासमोरून विहिरीकडे गेली. मागोमाग आत्या सरपण आणायला गेली. शेजारणी तांदळाची सुपं घेऊन माझ्या शेजारी येऊन निवडायला बसल्या. आपण बाहेर कशा आलो हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. “हातात सूप दिलं तिनं,” एवढंच म्हणाल्या.

माझ्या तक्त्यात प्रश्न होते. स्वतःची ओळख करून दिली का? नाही. फायदे समजावले का? नाही. मातेकडून परत वदवून घेतलं का? नाही. पाऊण तास मी ‘नाही’ लिहीत होतो. आणि मग आतून आवाज आला. गटक. थोडं थांबून, गटक, गटक. बाळ दूध गिळत होतं. हा आवाज आला की बाळ नीट लागलं असं समजावं, हे आम्हीच शिकवतो.

मी तो ऐकला. तक्त्यात त्याला रकाना नव्हता. मी शून्य लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सभागृहात सगळ्यांसमोर मी निकाल वाचला. तक्त्यातले दहाही मुद्दे पाढ्यासारखे म्हणून दाखवणाऱ्या एका हुशार मुलीची निवड झाली. तुळसाबाईंनी बाहुली टेबलावर ठेवली, तिची मान सरळ केली आणि एस.टी. गाठायला निघून गेल्या.

दोन महिन्यांनी पाहणीसाठी मी पुन्हा संगीताच्या घरी गेलो. बाळाच्या मनगटाला वळ्या पडल्या होत्या. मी विचारलं, “तुळसाबाईंनी तुला नेमकं काय सांगितलं होतं?”

“काय नाय. बाकी समदी सांगतच व्हती ना,” ती म्हणाली. “ती एकलीच नाय बोलली. पाठीला गोधडी लावली, कोपराखाली हात धरून बसली. मंग मला लय रडू आलं. अन् मंग पान्हा फुटला.”

तिथून मी तडक तुळसाबाईंच्या घरी गेलो. त्यांनी चहा टाकला आणि अर्धा तास मला तोंड उघडू दिलं नाही. खुडूक कोंबडी झाली, भावजय झाली, माझं पोट झालं. शेवटी मी मध्येच विचारलं, “त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत?”

त्यांनी चुलीत लाकूड सारलं.

“माझी लता झाली तवा असंच घर भरलं व्हतं. ही म्हणं असं धर, ती म्हणं तसं धर, तिसरी म्हणं हिला दूधच नाय. मला बी वाटलं, नसंल. शेळीच्या दुधावर वाढवली. आता लय तगडी हाय, ओझरला राहाती, नवऱ्याला दटावती. तिचं काय बी अडलं नाय, सर.” त्यांनी कपात चहा ओतला. “मलाच पाजायला नाय मिळालं. दुसरं झालंच नाय.”

मी कसाबसा म्हणालो, “तुळसाबाई, त्या दिवशी माझं चुकलं.”

“ते मला ठावं हाय. मला कशाला सांगतोस?” त्या म्हणाल्या. “समद्या बायांच्या म्होरं मला नापास केलंस. सांगायचं तर तिथं सांग. चहा घे.”

पुढच्याच आठवड्यात उजळणीसाठी त्याच चाळीस बायका जमल्या. तक्ता बदलावा आणि नेमणुकीचा फेरविचार व्हावा म्हणून मी वरिष्ठांना पत्र लिहिलं होतं. त्याचं उत्तर अजून यायचं होतं. तुळसाबाई मागच्या रांगेत बसल्या होत्या. मी उभा राहिलो.

“परीक्षेच्या दिवशी तुळसाबाईंमुळे संगीतानं बाळाला अंगावर पाजलं,” मी म्हणालो. “मी दाराबाहेर बसलो होतो. बाळ दूध गिळतंय हे मला ऐकू आलं होतं. तरी मी त्यांना नापास केलं आणि तुम्हा सगळ्यांना तसंच सांगितलं. तुळसाबाई, मला माफ करा.”