सोवळ्यातला कॅमेरा

“फोनमधला देव मला दाखवायचा नाही, निरू! माणसं तो फोन घेऊन संडासात जातात!”

माईंनी हे बजावलं ते चातुर्मास लागायच्या पंधरा दिवस आधी, आणि इतक्या खणखणीत आवाजात, की वरच्या मजल्यावरचा एखादा पटेल फोनसकट धावत बाहेर आला असेल! पण निरुपमाला सासूबाईंचं म्हणणं मनोमन पटलं. पुरावा घरातच होता. तिचे यजमान हेरंबराव रोज सकाळी फोन घेऊन आत जात, ते चहाचं दुसरं आधण उकळलं तरी बाहेर येत नसत.

माईंचा उभा जन्म बडोद्याच्या दांडिया बाजारात गेला. दत्ताच्या देवळात जाऊन आल्याशिवाय अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही, हा त्यांचा लग्नाच्याही आधीपासूनचा नेम. मग घर हरणीच्या सोसायटीत आलं, पाठोपाठ माईंचे गुडघे संपावर गेले, आणि दत्त राहिले गावाच्या त्या टोकाला. तेव्हापासून माई ताटावर बसत, देवाची माफी मागत आणि अर्धी पोळी चिवडून उठत. उन्हात घातलेल्या पापडासारख्या दिवसेंदिवस हलक्या होत चालल्या होत्या.

ते बघून निरुपमाने संकल्प सोडला. चातुर्मासभर रोज देव माईंसमोर आणायचा, आणि त्यांना दर्शन घडेपर्यंत आपण मौन पाळायचं. मौन म्हणजे पक्कं मौन! कागदावर लिहूनसुद्धा बोलायचं नाही. पळीभर पाणी ताम्हनात सोडलं आणि मग तिच्या ध्यानात आलं, की देव आणायचा कशातून? फोन तर बाद!

“कॅमेरा घ्यायचा! त्यात काय एवढं?” हेरंबराव म्हणाले. “बाजव्याला रिफायनरीत उभी नोकरी यंत्रांशी केली मी. छोटा, स्वस्त, रोज वापरता येईल असा हवा ना? तासाभरात निवडून देतो!”

त्या तासाचा आठवडा झाला! हेरंबराव रात्रंदिवस फोनवर कॅमेऱ्यांची माहिती ऐकत बसले. निरुपमाला बघायला आले होते तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, “गाता येतं का?” इथे मात्र कॅमेऱ्यांची सात पिढ्यांची चौकशी! एकाचा झूम चांगला तर बॅटरी दुबळी. दुसऱ्याची बॅटरी दणकट तर वजन पाट्याएवढं. तिसरा सर्वगुणसंपन्न, पण त्याच्या किमतीत स्कूटर आली असती.

“हा बघ निरू, हा धावता चित्तासुद्धा टिपतो!”

“अहो, दत्त जागेवरच असतात,” निरुपमा हळूच म्हणाली. “त्यांच्या पायाशी चार कुत्री आहेत, पण तीही दगडाचीच.”

शेवटी तीच उठली आणि सयाजीगंजला निघाली. मागून पिशवी धरून हेरंबराव.

दुकानात ही गर्दी! छोटे कॅमेरे म्हणे पुन्हा फॅशनमध्ये आलेत. कॉलेजच्या मुली कॅमेरे हाताळत होत्या, त्यांच्यामधून वाट काढत निरुपमा काउंटरपाशी पोचली.

“आवो बेन! शुं बतावुं?”

“छोटा कॅमेरा. पट्टा चामड्याचा नको. आणि अंगावर पाणी पडलं तरी बिघडायला नको.”

दुकानदाराचा चेहरा उजळला. त्याने वरच्या फळीवरून पिवळाजर्द कॅमेरा काढला. “अंडरवॉटर! बेन, दरियामां डूबकी मारो तोय चालशे! गोवा जाव छो?”

“नाही हो, गंगाजल शिंपडायचंय. तुळशीच्या पानाने. दोन थेंब.”

पिवळा कॅमेरा मुकाट्याने फळीवर परत गेला. मग नवे छोटे कॅमेरे आले, त्यांच्या किमती ऐकून निरुपमाने रामनाम घेतलं. परवडणारे होते ते सगळे वापरलेले! आता आली का पंचाईत? तिने एक रुपेरी, साबणाच्या वडीएवढा कॅमेरा पदराने धरून उचलला.

“हा आधी कुणाकडे होता? म्हणजे... कुठे कुठे गेला असेल, कसं कळायचं?”

दुसऱ्या गावचा दुकानदार असता तर हसला असता. हा बडोद्याचा! त्याने एका क्षणात गिऱ्हाईक ओळखलं, गंभीर झाला आणि दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. “चिंता ना करो, बेन. जैन पार्टीनो छे. आ कॅमेराए कांदा-लसणनो फोटोय नथी पाड्यो!”

निरुपमाचा जीव भांड्यात पडला.

“सेन्सर केवढा आहे?” मागून हेरंबरावांनी विचारलं. त्यांच्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

घरी आल्यावर कॅमेऱ्याला तुळशीच्या पानाने प्रोक्षण झालं. त्याची जागा ठरली फुलांच्या परडीत, आणि त्याला हात लावायचा तो आंघोळ झाल्यावरच. रोज सकाळी हेरंबराव निरुपमाला स्कूटरवरून देवळात नेत. पुजारीबुवांनी एकदा विचारून घेतलं आणि कौतुकाने परवानगी दिली. ती दत्तांचा फोटो घेई, घरी येऊन माईंच्या डोळ्यांसमोर धरी. माई हात जोडत. “आज शेवंतीचा हार आहे वाटतं!” मग निरुपमाचं मौन सुटे आणि माई दोन पोळ्या, वर ताकभात असं पोटभर जेवत. चेहऱ्यावर हळूहळू तुकतुकी येऊ लागली!

पहिल्याच आठवड्यात एक दिवस माई म्हणाल्या, “निरू, तो मला दिसतो, पण मी त्याला कुठे दिसते? इतक्या वर्षांची रोजची ओळख! म्हातारी गेली की काय, असं वाटेल त्याला. तू जाण्याआधी मला पाड आणि त्याला नेऊन दाखव.”

निरुपमाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्या दिवसापासून दुहेरी टपाल सुरू झालं. सकाळी माईंचा फोटो घ्यायचा, देवळात जाऊन कॅमेऱ्याचा पडदा दत्तांसमोर धरायचा, मग दत्तांचा फोटो घेऊन यायचा. “रोज दाखवीन,” असा शब्दच दिला तिने माईंना.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. बडोद्यात आम्ही फोटो काढत नाही, पाडतो! गुजराती शेजाराची कृपा. “मला पाड”, “त्यांना बसवून पाड”, असं आम्ही सर्रास बोलतो आणि कुणाला खरचटतही नाही. पण ही भाषा कोल्हापुरात कशी कळावी?

कोल्हापुरात राहायची शैला, हेरंबरावांच्या धाकट्या भावाची बायको. मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका. तिने नुसतं खाकरलं तरी तीन वर्गांत शांतता पसरायची! दर रविवारी ती सासूबाईंना फोन करी. माई फोनला शिवत नसत, म्हणून तो दोन हातांवर स्टुलावर ठेवायचा आणि माईंनी हिंचक्यावरून ओरडायचं. त्या रविवारी निरुपमा स्वयंपाकघरात साबुदाणा धूत होती.

“माई, कशा आहात?”

“मजेत! निरू रोज पाडते मला!”

“काय करतात?”

“पाडते गं! आंघोळ झाली रे झाली, की पाडते!”

“वहिनी? तुम्हाला? कुठं पाडतात?”

“कधी हिंचक्यावर, कधी दारातल्या ओट्यावर. काल गॅलरीत नेऊन पाडलं. ऊन होतं ना!”

“अगं बाई! लागलं का हो?”

“ऊन? नाही गं, कोवळं होतं.”

“आणि भाऊजी? ते काय करतात?”

“तो उभा राहून सांगतो ना! म्हणतो, आईला डावीकडून पाड, डावीकडून छान पडते!”

“आणि तुम्ही गप्प बसता, माई?”

“छे! मी हसते. न हसता पडलं की फार वाईट दिसतं!”

फोन बंद झाला. “लाइन गेली वाटतं,” माई म्हणाल्या. लाइन कसली जाते? शैलाच मिळेल ती गाडी पकडून निघाली होती!

मंगळवारी सकाळी दार वाजलं. माईंचा त्या दिवसाचा फोटो झाला होता. परडी भरून निरुपमा निघतच होती. दारात बॅग घेतलेली शैला! निरुपमाने आनंदाने हात पसरले आणि तोंड उघडणार, तोच मौन आठवलं. म्हणून तिने हसून ओठांवर बोट ठेवलं.

शैलाला काय वाटलं? ‘गप्प बस, कुणाला सांगू नकोस!’

“मी गप्प बसणाऱ्यातली नाही, वहिनी!” ती गरजली आणि थेट माईंपाशी गेली. माईंच्या दोन्ही गुडघ्यांवर रक्तचंदनाचा लालभडक लेप! “हे काय झालं?”

“जुनंच दुखणं गं! बस. आत्ताच पाडलं मला. तू जरा आधी आली असतीस तर बघायला मिळालं असतं!”

शैलाने लेपावर हळूच फुंकर घातली. तेवढ्यात हेरंबराव स्कूटरची किल्ली फिरवत आले. “अरे वा, शैला! तुला सांगतो, आई कालपेक्षा आज फारच सुरेख पडली!”

“भाऊजी!” हा आवाज ऐकून कोल्हापुरातल्या मुली बाकावर उभ्या राहिल्या असत्या. “आत्ताच्या आत्ता जाऊन हाडांच्या डॉक्टरांना घेऊन या!”

“हाडांच्या? कशाला?”

“जाता का नाही?”

हेरंबराव गेले! का, कशासाठी, काही कळलं नाही, पण गेले. त्यांच्याबरोबर स्कूटरही गेली.

निरुपमाचं लक्ष घड्याळाकडे. बाराला नैवेद्य, की गाभाऱ्याचा पडदा बंद. मग संध्याकाळपर्यंत दर्शन नाही, आणि तोवर माई उपाशी! बोलावं तर संकल्प मोडतो, न बोलावं तर माईंचं जेवण जातं. तिने परडीतून कॅमेरा काढायला हात घातला.

“हात बाहेर!” कॉपी पकडावी तशी शैलाने परडी हिसकावली आणि कपाटावर ठेवून दिली. “देवाला फुलं वाहायची आणि घरच्या म्हातारीला... मला बोलवतसुद्धा नाही! बोला, वहिनी. एकदा म्हणा, हे खोटं आहे!”

निरुपमाने हात जोडले. डोळ्यांतून घळाघळा पाणी. शैलाला तो कबुलीजबाबच वाटला. मग तिचाही आवाज फुटला. “माई, चला माझ्यासोबत. आजच कोल्हापूरला चला. तळहातावर ठेवीन.”

“येईन गं,” माई विचारात पडल्या. “पण तिथे मला रोज पाडणार कोण? तुला शाळेतून वेळ होईल का?”

“मी?” शैला रडूच लागली. “मी पाडीन तुम्हाला?”

“न जमायला काय झालं? निरू शिकवेल. एक डोळा बारीक करायचा, बोट ठेवायचं आणि दाबायचं!”

“कुठं दाबायचं?”

“बटणावर! दुसरं कुठे? कपाटावर ठेवलास ना तू कॅमेरा!”

शैलाचं रडं जागच्या जागी थांबलं. तिने परडी खाली काढली. शेवंतीखालून रुपेरी कॅमेरा निघाला. निरुपमाने बटण दाबून दाखवलं. दत्त. मग माई, हिंचक्यावर, निळ्या लुगड्यात. मग दत्त. मग माई गॅलरीत, कोवळ्या उन्हात, बोळकं उघडून हसणाऱ्या. दत्त, माई, दत्त, माई. शैला बघतच राहिली. पहिल्या फोटोत माईंच्या गालांची हाडं दिसत होती, शेवटच्यात गाल दिसत होते.

“त्याला रोज दाखवते ही मला,” माई म्हणाल्या. “तोवर बोलत नाही बिचारी, व्रत आहे तिचं. आणि ते झाल्याशिवाय मी जेवत नाही. अगं निरू, तू अजून इथेच?”

शैलाने डोळे पुसले, पुन्हा भरले, पुन्हा पुसले. मुख्याध्यापिका पार पहिलीतली मुलगी झाली होती! ती हळूच हिंचक्यावर माईंच्या शेजारी सरकली, पदर सारखा केला. “वहिनी, मलाही त्याला दाखवाल? एकदाच... म्हणजे... आम्हा दोघींना...”

“म्हण की, पाडा!” माई म्हणाल्या.

“पाडा,” शैला पुटपुटली.

निरुपमाने पाडलं. नेमके शैलाचे डोळे मिटले, पण आता दुसऱ्यांदा पाडायला सवड कुणाला होती?

“आणि त्याला म्हणावं, माझं चुकलं,” शैला मागून म्हणाली. “नको, नको, राहू दे! तुमचं मौन आहे!”

निरुपमाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, परडी घेतली, चपला सरकवल्या आणि आवाज न करता दार ओढून घेतलं. सोसायटीच्या फाटकाबाहेर रिक्षा उभी होती. कुठे जायचं ते सांगता येईना, म्हणून तिने देवाचा फोटो दाखवायला कॅमेरा पुढे केला. पण पडद्यावर आधी आली डोळे मिटलेली, रडून नाक लाल झालेली शैला.

रिक्षावाला कळवळला. “अरेरे! मासी, आ बेन गुम थई गया छे?”

निरुपमाने जोरजोरात मान हलवून नाही म्हटलं, बटण दाबून दत्तांना पुढे आणलं, आणि परडी मांडीवर घेऊन हातानेच दाखवलं, सरळ.