चार मजले आणि एक डबी

सकाळी सात वाजता लॅबचं कुलूप उघडायला आलेल्या ताईंना पायरीवर मास्तर दिसले आणि त्यांनी लांबूनच कपाळाला हात लावला. मास्तरांच्या हातात रुमालात गुंडाळलेली डबी होती. डबीवर नाव, वार, दिनांक आणि वेळ, खाली पट्टीने मारलेली रेघ. शेजारी काकू, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, तोंड दुसरीकडे करून उभ्या होत्या.

"मास्तर, दुपारी बारानंतर या म्हटलं होतं ना मी?"

"अगदी पहिल्या धारेची आहे. अनशापोटी!" मास्तर अभिमानाने म्हणाले. "तपासणी म्हणजे सकाळचीच."

मास्तर भूगोलाचे. निवृत्त झाले तरी दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय लागायची राहूनच गेली होती. सहा महिन्यांपूर्वी दोघं लेकीकडे महिनाभर राहून आली. तिच्या घरामागे मोठं तळं होतं. आता मास्तरांच्या लघवीत शेवटी शेवटी रक्त दिसत होतं. तळ्यातल्या गोगलगायींकडून पाण्यात येणारा आणि कातडीतून आत शिरणारा जंत असावा, असा डॉक्टरांना संशय होता. लघवीत त्याची अंडी सापडली तर गोळ्या घेऊन काम भागणार होतं. गुरुवारपर्यंत सापडली नाहीत, तर शुक्रवारी नळी घालून मूत्राशय आतून बघायचं ठरलं होतं. ती नळी केवढी असते हे मास्तरांनी विचारलं होतं आणि तेव्हापासून त्यांचं जेवण कमी झालं होतं.

"पाण्यात कुठपर्यंत उतरला होतात?" ताईंनी फॉर्म पुढे ओढला.

"घोट्यापर्यंत."

"घोट्यापर्यंत?" काकू कडाडल्या. "धोतर वर खोचून गुडघ्यापर्यंत! गोगलगायी बघायच्या होत्या यांना. मी मेली काठावर चपला राखत बसले होते. ऐकतंय कोण!"

ताईंनी पुन्हा पहिल्यापासून समजावलं. ही अंडी दुपारी जास्त उतरतात. आधी थोडी धावपळ झाली की आणखी बरं. म्हणून इमारतीचे चार मजले चढून उतरायचं आणि लगेच डबी भरायची. मास्तरांनी सगळं वहीत लिहून घेतलं.

मंगळवारी ठीक बारा वाजता मास्तर हजर. डबी हाताला बर्फासारखी लागली.

"ही कधीची?"

"सकाळी सातची. खराब होऊ नये म्हणून फ्रीजमध्ये ठेवली होती. तुम्ही दुपारी आणा म्हणालात, दुपारी आणली."

"फ्रीजमध्ये दह्याशेजारी!" काकू म्हणाल्या. "मी ते दही फेकून दिलं."

ताईंनी मनात दहा अंक मोजले. मायक्रोस्कोपखाली अर्थातच काही नव्हतं.

बुधवारी डबी कोमट होती. ताईंना हायसं वाटलं, पण तेवढ्यात बाकावर धापा टाकणाऱ्या काकू दिसल्या.

"काकू, तुम्हाला काय झालं?"

"काय होणार? चार मजले चढून आले. यांचा गुडघा धरलाय."

"अहो, पण लघवी मास्तरांची ना?"

"हो. डबी मी भरली, जिने ही चढली. कामं वाटून घेतली," मास्तर म्हणाले. "आणि सुरुवातीची, शेवटची सोडून मधलीच धरली. तुमच्या भिंतीवर लिहिलंय तसं."

भिंतीवर तसं लिहिलेलं होतं खरं, ताईंच्याच अक्षरात. बाकीच्या सगळ्या रुग्णांसाठी. ताईंनी तो कागद टराटरा फाडला.

"नीट ऐका! शेवटचे थेंब सगळ्यात महत्त्वाचे. आणि जो जिने चढेल, त्याचीच लघवी लागते! उद्या शेवटचा दिवस आहे मास्तर, परवा नळी!"

नळी म्हटल्यावर मास्तरांनी वही मिटली.

गुरुवारी ताई आतल्या खोलीत असताना खिडकीतून डबी सरकली. नाव, वार, दिनांक, वेळ दुपारी साडेबारा, खाली रेघ. डबी कोमट होती. ताईंनी नमुना गाळला, काचपट्टी लावली, डोळा लावला आणि जागच्या उठल्याच. एका टोकाला काटा असलेलं लांबट अंडं! शेजारी दुसरं! त्या धावतच बाहेर आल्या.

"सापडलं, मास्तर! ढिगाने आहेत! नळी टळली!"

मास्तरांनी डोळे मिटून हात जोडले. काकूंचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता आणि त्यांना अजून धाप लागलेली होती. ती धाप बघून ताईंनी डबीवरचं नाव पुन्हा वाचलं.

"काकू... डबी कोणी भरली?"

"तुम्हीच म्हणालात ना," काकू पुटपुटल्या, "जो चढेल त्याचीच लागते. चढले मी. मग मीच भरली. म्हटलं, नवराबायको आम्ही, एका माठातलं पाणी पितो, काय फरक पडणार?"

"नाव मी घातलं," मास्तर म्हणाले. मग सावकाश त्यांच्या डोक्यात उजेड पडला. "अगं, पण तू तर काठावर होतीस!"

मास्तरांनी कोरी डबी उचलली, दुखरा गुडघा विसरून चार मजले चढले, उतरले आणि शेवटच्या थेंबासकट डबी भरून आणली. वर जाताना आणि खाली येताना "काठावर म्हणे, काठावर!" एवढंच जिन्यातून ऐकू येत होतं. त्यांच्या नमुन्यात तीन अंडी निघाली. तेवढी पुरेशी होती. ताईंनी डॉक्टरांना फोन करून शुक्रवारची नळी रद्द केली आणि दोघांच्या गोळ्यांचं विचारलं.

मग त्यांनी नवा फॉर्म काढला.

"काकू, पाण्यात कुठपर्यंत उतरला होतात?"

काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"गळ्यापर्यंत," त्या हळूच म्हणाल्या. "हे दुपारी झोपायचे. मग मी पलीकडच्या काठापर्यंत पोहून यायचे. रोज."

मास्तर बायकोकडे बघतच राहिले.

"तुला पोहता येतं?"

"लहानपणापासून. चाळीस वर्षांत विचारलंत कधी?"

मास्तरांनी खिशातून पट्टी काढली, काकूंच्या डबीवरचं आपलं नाव खोडलं आणि तिथे काकूंचं नाव लिहून खाली रेघ मारली.