मुदत संपलेले रेवणअप्पा

आमचे नगरसेवक रेवणअप्पा यांच्या स्कूटरच्या डिकीत कायम एक नारळ असतो. जमीन कुठं खणलेली दिसली की त्यांचे हात शिवशिवतात. रस्ता असो, गटार असो, मोबाईल कंपनीचा खड्डा असो, अप्पा स्कूटर उभी करतात, नारळ फोडतात, फोटो काढून घेतात आणि म्हणतात, "विषय मंजूर!" एकदा शेजाऱ्यांनी मेलेलं मांजर पुरायला खड्डा घेतला होता, तिथंही नारळ फुटायचा. मी आडवा आलो म्हणून राहिला.

आमच्या गल्लीतल्या गटाराचं भूमिपूजन त्यांनी तीनदा केलं, दर वेळी गळ्यात वेगळ्या पक्षाचं उपरणं. गटार अजून माझ्या उंबऱ्याशी तुंबतं. मी शाळामास्तर, मला राग आला की तो लपवता येत नाही. तोंडावरच म्हणालो, "अप्पा, पक्ष तीन झाले, गटार एकच."

अप्पांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. "मास्तर, माणसानं बदलत ऱ्हावं की. गटार हाय तितंच हाय, म्हणून तर तुंबतंय!"

सगळी गल्ली हसली. मला त्या हसणाऱ्यांचाच जास्त संताप आला, कारण पुढच्या खेपेला मतं त्यांनीच दिली.

मयतीला मात्र अप्पा सगळ्यात आधी हजर. तिथं भाषणही त्यांचंच. गेलेल्या माणसाची माहिती दोन वाक्यांत संपे, मग त्याची अंत्ययात्रा ज्या रस्त्यानं आली तो काँक्रीटचा कोणी केला, हे सविस्तर येई. घरचे लोक रडायचे थांबून घड्याळ बघत.

पुढं महापालिकेची मुदत संपली, निवडणूक काही होईना आणि कारभार प्रशासकाकडं गेला. अप्पांनी दारावरच्या पाटीत 'माजी' हा शब्द घालू दिला नाही. "मी हरलो कुटं? मुदत संपली. औषधाची संपती तशी." मुदत संपलेलं औषध लोक फेकून देतात, हे मी बोललो नाही. तसंही लोकांनी त्यांना फेकूनच दिलं होतं. ज्या दारात सकाळी चपला मावत नसत, तिथं आता मांजरं ऊन खात बसायची.

शेवटी एकदाची निवडणूक लागली आणि आमची जागा निघाली महिलांसाठी राखीव. अशा वेळी आपल्याकडं काय होतं, सगळ्यांना ठाऊक आहे. बायको उभी राहते, नवरा निवडून येतो. पोस्टरवर तिचा फोटो सुपारीएवढा, त्याचा परातीएवढा. आपल्या बायकोला, म्हणजे मल्लम्मावैनींना, तिकीट पक्कं, असं अप्पाच गावभर सांगत फिरले. पोस्टरही छापून आलं, परात-सुपारीचंच.

अर्ज भरायचा दिवस गेला, पण वैनींचा अर्ज काही गेला नाही. चहाच्या टपरीवर एकच चर्चा: अप्पांचा पत्ता कट. पक्षानं लाथ मारली. लोक पोट धरून हसत होते.

मी मुद्दाम त्यांच्या घरी गेलो. इतकी वर्षं गटाराचा वास घेतला होता, तेवढा हक्क माझा होता. बाहेरच्या खोलीत, गाऱ्हाणी घेऊन येणाऱ्यांसाठी ठेवलेल्या बाकड्यावर बसलो आणि विचारलं, "काय अप्पा, पक्षानं टाकलं म्हणे?"

"टाकलं न्हाय. घरी येऊन तिकीट देत हुते. मीच नको म्हटलं." त्यांनी आतल्या खोलीकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "हिला माणसं वळकू येईनात, मास्तर. मला वाटलं, एक सही तर करायची, जमंल. पर अर्ज तपासताना उभं करून नाव इचारलं आन् हिला सांगता आलं न्हाय, तर तितं शंभर माणसं हसतील. मला हसू देत की. मला सवय हाय."

"मग लोकांना खरं सांगा."

"तिचं हसं करू? न्हाय जमणार."

तेवढ्यात वैनी चहा घेऊन बाहेर आल्या. अप्पा उठून उभे राहिले. हे दोघं आपसात कायम कन्नड बोलत, मराठी फक्त परक्या माणसांशी. वैनींनी माझ्या हातात कप दिला, दुसरा अप्पांपुढं केला आणि मराठीत म्हणाल्या, "तुमी का उभं? बसा की. अप्पा यायलेत इतक्यात. काय काम हुतं?"

अप्पा माझ्याशेजारी बाकड्यावर बसले.

"पाण्याचं हुतं, वैनी. आमच्याकडं पाणीच न्हाय आलं."

"सांगते त्यास्नी. पर लई थांबाय लागंल बगा. सकाळी गेलं की ते माणूस घरी येतंयच कुटं?"

"थांबतो की," अप्पा म्हणाले. "मला आता कुटं जायाचं न्हाय."

वैनी दाराशी गेल्या आणि पदर सावरून, रस्त्याकडं बघत अप्पांची वाट पाहत उभ्या राहिल्या.