अभिषेकपात्राच्या थेंबांचा निवाडा

श्रीगजानन बुद्धी देवोत आणि मोजणाराच्या हातास कंप न यावा. शके सोळाशे एक्याऐंशी, प्रमाथी नाम संवत्सरी, राज्याच्या शिवालयात नवे अभिषेकपात्र टांगिले, आणि दिवाण त्र्यंबकपंतांनी भक्तिभावे आज्ञा केली की पात्र सदा काठोकाठ भरलेले असावे; मग थेंब विचित्र पडो लागले, एक लवकर, एक उशिरा, दोन लागोपाठ, कशास कशाचा मेळ नाही. पंत कोपले आणि पात्र घडविणाऱ्या भिवबा तांबटास दरबारी महाराजांसमोर उभे करोन म्हणाले, "छिद्रात कचरा ठेविलास. उद्या राज्याबाहेर चालता हो!" भिवबा रडो लागला, "सरकार, तीन पिढ्यांची भट्टी आहे. छिद्र साफ आहे हो!"

तेव्हा वेधशाळेच्या मोजणीकार द्वारकाबाई पुढे जाहल्या आणि हळूच बोलिल्या, "महाराज, कचरा असेल तर दोन थेंबांमधल्या एका अंतराचा पुढल्याशी संबंध नसेल. पाहू द्यावे." मग दरबार शिवालयात नेवोन त्यांनी पात्राखालून कागदाची लांब पट्टी समगतीने ओढविली, आणि डागाडागांतले अंतर यवांनी, म्हणजे जवाच्या दाण्याच्या मापाने, मोजिले, आणि फरशीवर चौकटी आखोन, एक अंतर आडवे, त्यापुढले उभे धरोन, रांगोळीचा एकेक ठिपका ठेविला, ऐसे तीनशे ठिपके जाहले आणि अवघे मिळोन एक बारीक कमान उमटली. पंत हसले, "बाई, कमान आमची सूनही काढते! कोणतेही आकडे मांडा, काहीतरी दिसेलच." बाई म्हणाल्या, "मग पंतांनीच हे आकडे पिसावे." पंतांनी तेच आकडे चिठ्ठ्यांवर लिहवून हंड्यात ढवळिले, आणि नव्या क्रमाने ठिपके पडले तो कमान नाहीशी, फरशीवर जणू तीळ सांडले! बाई बोलिल्या, "आकडे तेच, क्रम मोडला, आकार मोडला. म्हणजे थेंब मागल्या थेंबाचा हुकूम पाळतो. छिद्र निर्दोष आहे, पात्र काठोकाठ म्हणोन पाण्याचा जोर फार आहे. दहावा थेंब मज आता सांगता येणार नाही, लहानशी चूक थेंबागणिक वाढते; पुढला मात्र सांगते." मग नवी पट्टी झाकोन एकेक डाग उघडीत गेले, आणि बाईंनी कमानीवरून सात अंतरे आधी सांगितली, आणि सातही यवाच्या आत खरी ठरली. दरबार "शाबास!" म्हणोन गर्जला. महाराजांच्या हुकुमे पाणी चार बोटे उतरविले, आणि थेंब सारखे पडो लागले. पंत कुरकुरले, "म्हणजे दोष आमच्या भक्तीचा?" बाई म्हणाल्या, "नव्हे पंत, चार बोटांचा." महाराज पोट धरोन हसले, आणि द्वारकाबाईंस वेधशाळेची सनद दिली, आणि भिवबास पागोटे बांधविले.

सारांश इतकाच की थेंब बेताल दिसले, परी बेकायदा नव्हते. आणि निरपराध माणूस आपल्या घरी जेवावयास गेला.