देशमाने विरुद्ध पोरे

वरच्या कोर्टात खटला हरला आणि निवाडा पुस्तकात छापून आला, की हरलेला माणूस घर सोडून त्या पानाशी जाऊन बसतो. शहरातल्या विधी महाविद्यालयाच्या वाचनालयात असे पुष्कळ लोक आहेत. कपाटापुढे बाक, बाकावर माणूस, पाठीशी त्याचं पुस्तक. निवाडा उभा आहे तोवर माणूस बसून.

कुंदा पोरे त्या महाविद्यालयात गेली ती वकिलीच्या हौसेनं नाही. आत तिचे वडील बसलेले होते.

वामनराव पोरे शिंपी. दुकानाची जागा देशमान्यांची. जागा खाली करा, अशी नोटीस देशमान्यांनी टपालानं पाठवली, त्या दिवशी दुकान बंद होतं. वामनरावांची बायको दवाखान्यात बाळंत होत होती. पोस्टमननं बंद दार पाहिलं, पाकिटावर ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारला आणि पाकीट परत नेलं. नकार दिला म्हणजे नोटीस पोचली, असं कोर्टानं धरलं. मी तिथं नव्हतोच, असं वामनराव शेवटपर्यंत सांगत राहिले. शेरा आहे म्हणजे तुम्ही होतात, असं कोर्ट म्हणालं. त्या दिवशी जन्मली ती कुंदा. ती दुसरीत असताना निवाडा छापून आला. वामनरावांनी सुईदोरा खिशात घातला आणि ते गेले.

वाचनालयात जायला कार्ड लागतं. ते वकिलांना मिळतं, विद्यार्थ्यांना मिळतं. हरलेल्या माणसाच्या बायकोला मिळत नाही. तशी सोय नाही.

पहिल्याच तासाला गोसावी मॅडमनी आधार कसा द्यायचा ते सांगितलं. “पक्षकारांची नावं, साल, खंड, पान, परिच्छेद. मग जे वाक्य घेणार, ते त्या माणसापुढे उभं राहून वाचायचं. त्यानं मान हलवली तर आधार पक्का. नाही हलवली तर पुन्हा पान उघडा. आणि वरचं बारीक टिपण वाचून जाऊ नका. ते छापणाऱ्यानं लिहिलेलं असतं, न्यायाधीशानं नाही.”

मुलं टिपण वाचूनच गेली. कुंदा वडिलांच्या बाकाकडे गेली.

“अण्णा, मी कुंदा.”

“आधार?”

तिनं वाचनालयाचं कार्ड पुढं केलं. त्यांनी नाव वाचलं, बापाचं नाव वाचलं, फोटो आणि चेहरा ताडून पाहिला. मग मान हलवली.

“मोठी झालीस. परिच्छेद नऊमध्ये आहेस तू.”

“आई माघात गेली, अण्णा.”

“आधार?”

दुसऱ्या दिवशी तिनं मृत्यूचा दाखला नेला. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी वाचला आणि मान हलवली. दुपारी एक वकील आला. नकार म्हणजे नोटीस पोचली, हे वाक्य त्यानं त्यांच्यापुढे वाचलं. वाक्य बरोबर होतं. त्यांनी त्यालाही मान हलवली.

पुढे एकदा ते आपणहून म्हणाले, “ती एकदाही आली नाही.”

“दारावर सोडत नव्हते तिला. वाट बघत होती ती तुमची.”

“कुठं आहे तसं?”

आई तोंडातून शब्द न काढणारी बाई होती. वाट बघते असं ती कधी म्हणाली नव्हती, कुणापाशीच नाही. वामनरावांनी मान हलवली नाही. ते खिडकीकडे बघत बसले.

तेव्हापासून कुंदाला दोन गोष्टी हव्या होत्या. बापाला घरी न्यायचं होतं, आणि आई वाट बघत होती, या वाक्याला त्याची मान हलताना बघायची होती.

दुसऱ्या वर्षाला एक काम असतं. एक निवाडा घ्यायचा आणि पुढे त्याचं काय झालं ते शोधायचं: कुणी मानला, कुणी बाजूला ठेवला, कुणी फिरवला. मागच्या वर्षीच्या मुलांचं उतरवून काढायचं, अशी रीत होती. वकीलही तेच करत. जुन्या अर्जातला आधार नव्या अर्जात जाई, त्यातून पुढच्या अर्जात. मधलं पुस्तक कुणी उघडत नसे. कुंदानं ‘देशमाने विरुद्ध पोरे’ घेतला. त्या निमित्तानं बापाशेजारी बसता येत होतं. पण बसली म्हणून ती काम चुकवणारी नव्हती. ती एकेक खंड काढत गेली.

पलीकडच्या भिंतीला ‘कुंभोजकर विरुद्ध शेटे’ होता. तिथं सरस्वतीबाई कुंभोजकर बसल्या होत्या. घरमालकीण. भाडेकरूशी हरलेल्या.

“बाई, तुमच्या निवाड्यात देशमाने-पोरेचं नाव आहे का?”

“चौदावा परिच्छेद. वाच, मी काय म्हणून दाखवू?”

कुंदानं उभ्यानं वाचलं. “पोस्टमनचा शेरा खोटा आहे असं भाडेकरू शपथेवर सांगत असेल, तर पोस्टमनला बोलावून विचारलं पाहिजे. देशमाने विरुद्ध पोरे या निवाड्यात ते झालं नाही. तो निवाडा यापुढे धरू नये.”

बाईंनी मान हलवली. “पोरे म्हणजे ते सुईवाले ना? काल माझ्या पदराला टीप घालून दिली. भला माणूस.”

“तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत?”

“मी सांगू? अगं, मी हरलेय. वाचणाऱ्यानं यायचं असतं. एवढ्या वर्षांत माझ्यापुढे कुणी हा परिच्छेद वाचला नाही. तूच पहिली.”

वाचनालय शेवाळे सांभाळत. त्यांनी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून पाहिली.

“पोऱ्यांच्या पानाला समासात नोंद नाही.”

“कुणी करायची होती?”

“ज्याला सापडेल त्यानं.” त्यांनी लाल शाईनं समासात ‘फिरवला’ असं लिहिलं, खाली खंड आणि पान टाकलं, आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. “न्या त्यांना.”

वामनराव गुडघ्यावर हात टेकून उठले.

“कोणत्या साली फिरवला?”

“मी चौथीत होते.”

“म्हणजे तेव्हा तुझी आई होती.”

“होती.”

“त्यानंतर किती वकील येऊन गेले.”

“तुम्ही सगळ्यांना मान हलवलीत, अण्णा.”

“वाक्य बरोबर होतं. वाक्य बरोबर आहे का, एवढंच विचारायचे. निवाडा उभा आहे का, ते एकानं विचारलं नाही. पहिल्या वर्षी तूही येऊन तेच वाक्य वाचलंस.”

ते खरं होतं.

घर म्हणजे एक खोली. दारात वामनराव थांबले. भिंतीवरच्या फोटोकडे त्यांनी पाहिलं आणि कुंदाकडे वळले. ‘वाट बघत होती’ याला ते आधार मागतायत, हे तिला कळलं. आता तोंडी सांगून भागणार नव्हतं. तिनं खाटेखालची ट्रंक ओढली आणि आईची पोलकी त्यांच्यापुढे एकावर एक ठेवली.

पोलकी सगळी वामनरावांनीच शिवलेली, विटलेली, काखेत विरलेली. एकालाही हुक राहिलं नव्हतं. हुकांच्या जागी पिना होत्या. काही पिनांचा गंज कापडात उतरला होता. एक हुक कागदाच्या पुडीत बांधून पोलक्यालाच टाचून ठेवलेलं होतं.

वामनरावांनी एकेक पोलकं उजेडात धरून पाहिलं.

“दुसऱ्या शिंप्याकडे दिली नाहीत?”

“नाही.”

“हुक लावता येत होतं तिला. मीच शिकवलं होतं.”

“येत होतं. माझ्या झग्यांना लावायची.”

ते पुन्हा पहिल्या पोलक्याकडे आले. सगळं परत पाहिलं, घाई केली नाही. मग मान हलवली.

खिशातून सुई काढली, दोरा ओवला आणि हुक लावायला बसले. घालणारी नव्हती, ते त्यांना माहीत होतं. दाखला त्यांनी वाचला होता. काम राहिलं होतं, ते करत होते.